जिथं मुलगे नांदायला जातात

आंबे पाडाला लागले की दरवर्षी आमच्या कोकणातल्या घरामागच्या वडावर वानरांची टोळी उतरते. गेल्या साली तिच्यातल्या एका मादीच्या पोटाला काळंकुट्ट पिलू बिलगलेलं दिसलं. आई राखाडी आणि पिलू कोळशाच्या तुकड्यासारखं. तोंड आणि कान तेवढे फिकट गुलाबी, इतके पातळ की उन्हात आरपार दिसावं. बाकीच्या माद्या आईच्या कुशीतून त्याला मागून घेत होत्या. एकीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे, आणि पिलू किंचाळायला लागलं की पुन्हा आईकडे.

यंदा टोळी आली तेव्हा मी त्या पिलाला शोधत बसले. काळं असं एकही दिसेना. राखाडी अंगाची, एकाच मापाची पाच-सहा पोरं पारंब्यांना लोंबकळत होती. त्यातलं माझं कोणतं? तो मुलगा होता की मुलगी? आणि ते त्यांच्यात नसेलच, तर मग कुठं गेलं?

आपल्याकडे लहान वानराला पिलू म्हणतात आणि टोळीच्या दणकट नराला हुप्प्या. या दोन शब्दांच्या मधे कितीतरी उन्हाळे-पावसाळे जातात आणि ते सगळे आपल्या नजरेतून निसटतात. माकडं आपल्या आजूबाजूलाच वाढतात, पण वाढताना त्यांना आपण पाहत नाही. कारण रानातल्या माकडाचं वय खात्रीनं सांगायची एकच रीत आहे: जन्माची तारीख लिहून ठेवायची आणि मग वाट पाहायची. वर्षानुवर्षं, रोज, त्याच टोळीच्या मागं चालत.

अशी वाट पाहणारी माणसं जगात आहेत. केनियाच्या दक्षिण कडेला, किलिमांजारोच्या पायथ्याशी अंबोसेली नावाचं सपाट, धुळकट मैदान आहे. वर्षाला सरासरी साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे आपल्या माणदेशाहूनही कमी. स्टुअर्ट आणि जीन आल्टमन हे अमेरिकी शास्त्रज्ञ जोडपं 1963 मध्ये पहिल्यांदा तिथं गेलं. स्टुअर्ट यांनी त्याआधी प्वेर्तो रिकोजवळच्या कायो सान्तियागो बेटावर माकडं अभ्यासली होती. ती माकडं मूळची आपल्याकडचीच. 1938 साली भारतातून बोटीनं नेलेल्या लालतोंड्या माकडांचा तो वंश. जीन यांचं शिक्षण गणितातलं. 1971 पासून अंबोसेलीतल्या पिवळ्या बबून माकडांची सलग नोंद सुरू झाली आणि ती आजतागायत थांबलेली नाही. पुढं सुसान अल्बर्ट्स, जेनी टंग, एलिझाबेथ आर्ची अशा शास्त्रज्ञ या कामात आल्या. आणि रोज पहाटे मैदानात उतरणारे राफेल मुटुटुआ, सेरा सायालेल, किन्युआ वारुटेरे यांच्यासारखे केनियातले निरीक्षक दशकानुदशकं तिथं राबले. फाटका कान, वाकडी शेपूट, चेहऱ्याची ठेवण यांवरून ते टोळीतल्या प्रत्येकाला नावानिशी ओळखत.

पाहण्याचीही एक शिस्त असते. माकडांची टोळी समोर असली की आपली नजर भांडणाकडे आणि आरडाओरड्याकडे धावते, आणि कोपऱ्यात गप्प बसून गवत उपटणारी मादी वहीत कधी येतच नाही. म्हणून आधीच ठरवून एक प्राणी निवडायचा, ठरलेली मिनिटं फक्त त्याच्याकडे पाहायचं, तो जे करेल ते सगळं लिहायचं आणि मग पुढच्याकडे वळायचं. जीन आल्टमन यांनी 1974 साली एका लेखात पाहण्याच्या अशा रीती तपासून मांडल्या आणि आज जगभर प्राण्यांचे अभ्यासक त्याच रीतीनं पाहतात. या शिस्तीमुळे कोपऱ्यातल्या माद्या आणि त्यांची पिलं दिसू लागली. वाढीची गोष्ट तिथूनच कळत गेली.

रोजचे पाच ग्रॅम

बबूनाचं पिलूही काळं जन्मतं. अंगावर काळी मऊ लव, आणि चेहरा, कान, तळवे लालसर गुलाबी. टोळीत नवं पिलू आलं की सगळ्या माना तिकडे वळतात. त्या रंगाचा अर्थ टोळीत सगळ्यांना कळत असावा: हे अगदी लहान आहे, जपून. सहा महिन्यांच्या आसपास काळी लव गळून अंग पिवळसर तपकिरी होतं, गुलाबी चेहरा काळवंडतो, आणि लहानग्याला मिळणारी सूटही हळूहळू सरते.

पहिले काही आठवडे पिलू आईच्या पोटाला उलटं लटकून असतं. आई चार पायांवर चालते, पिलाच्या मुठीत तिचे केस आणि तोंडात स्तन. अंगात जोर आला की ते पाठीवर चढतं. आधी पालथं पडून, मग घोडेस्वारासारखं ताठ बसून, मागं आईच्या शेपटीचा टेकू घेऊन. आईसाठी हे दिवस फार कष्टाचे. तिचं वजन अकरा-बारा किलो. टोळी दिवसाकाठी कित्येक किलोमीटर चालते आणि बाळंत झाली म्हणून तिच्यासाठी थांबत नाही. जीन आल्टमन यांनी आईच्या दिवसाचा मिनिटामिनिटाचा हिशेब मांडला. पिलू वाढतं तसं दूध जास्त लागतं, म्हणून आईनं खाण्यात जास्त वेळ घालवायला हवा. पण चालणं, विसावा, केस वेचणं यांना लागणारा वेळ कमी होत नाही. सहा-आठ महिन्यांच्या पिलाला निव्वळ दुधावर पोसायचं म्हटलं तर आईला दिवस पुरत नाही. म्हणून ती त्याला दूर ढकलू लागते, आणि पिलू जमिनीवर लोळण घेऊन आकांत करतं. ही आईची निष्ठुरता नाही. वेळेचं गणितच तिला दुसरा रस्ता ठेवत नाही.

सगळ्या आया सारख्या नसतात. काही पिलाला हातभरही लांब जाऊ देत नाहीत, शेपटीला धरून मागं ओढतात. काही मोकळं सोडतात. टोळीच्या उतरंडीत खालच्या पायरीवर असलेल्या माद्या जास्त जपणाऱ्या निघाल्या. त्यांच्या पिलाला कुणीही उचलून नेलं तर परत मागायची त्यांची हिंमत नसते. एवढं जपल्यानं पिलू सुरुवातीच्या धोक्यांतून वाचतं, पण स्वतःच्या पायावर उभं राहायला उशीर लागतो.

रानातल्या पिलाचं वजन कसं करायचं? पिंजरा नाही, भूल नाही, खाण्याचं आमिष नाही. वजनकाटा टोळीच्या वाटेवर ठेवायचा आणि बाजूला होऊन थांबायचं. पिलांना कुतूहल आवरत नाही. एखादं येतं, हुंगतं, वर चढून बसतं आणि दूर उभा असलेला माणूस आकडा टिपून घेतो. अशा आकड्यांतून कळलं की जन्मतः पाऊण किलोच्या आसपास असलेलं पिलू दिवसाला साधारण पाच ग्रॅम वाढतं. चहात घालतो त्या एका चमचा साखरेएवढं. एवढ्याशा मिळकतीत सगळं लहानपण जातं.

आणखी एक गोष्ट त्या काट्यानं दाखवली. जे पिलू वयाच्या मानानं थोराड ते पुढंही थोराडच राहतं, आणि जे बारकं ते बारकंच. उतरंडीत वर असलेल्या आयांची पिलं आणि आधी बाळंतपण झालेल्या आयांची पिलं वयाच्या मानानं मोठी भरतात. आणि मोठी भरलेली पिलं, मुलगा असो की मुलगी, लवकर वयात येतात. म्हणजे वयात येण्याची तारीख आईच्या पाठीवर असतानाच ठरायला लागलेली असते.

स्टुअर्ट आल्टमन यांनी 1970 च्या दशकात वर्षभराच्या आसपासच्या थोड्या पिलांचा घास न् घास टिपला होता. कोणतं गवत, किती डिंक, बाभळीची किती फुलं, किती शेंगा. मग त्यांनी आदर्श आहार गणितानं काढला आणि प्रत्येक पिलू त्याच्या किती जवळ जातं ते पाहिलं. त्यानंतर मात्र वाटच पाहायची होती. त्या पिलांची आयुष्यं पुरी झाल्यावर हिशेब लागला. लहानपणी ज्या मुली आदर्श आहाराच्या जवळपास खात होत्या, त्यांचाच वंश जास्त वाढला. एका वर्षाच्या पोरीच्या जेवणात तिच्या साऱ्या आयुष्याची चाहूल होती, आणि ती ऐकायला कोणीतरी वर्षानुवर्षं थांबलं होतं.

मुलीची वाट

पहिली चारेक वर्षं मुलगा आणि मुलगी वजनानं जवळपास सारखी असतात. दुरून पाहिलं तर फरक सांगता येणार नाही. पण दोघांचं जगणं आतून केव्हाच वेगळं व्हायला लागलेलं असतं.

मुलगी आईजवळ राहते. तासन् तास आईचे केस वेचते, गोचिडी काढते, मावशा आणि बहिणींमध्ये बसते. तिला आईकडून मोठा वारसा मिळायचा असतो, तो म्हणजे टोळीतलं स्थान. बबूनांच्या माद्यांमध्ये पाण्याच्या डबक्यावर पहिला मान कुणाचा आणि कंद उकरून काढल्यावर तो सोडून कुणी बाजूला व्हायचं, हे ठरलेलं असतं. ही उतरंड ताकदीवर ठरत नाही, घराण्यावर ठरते. आईच्या खाली जितक्या माद्या, त्या सगळ्या पुढं मुलीच्याही खाली. अंगानं दुप्पट असलेली थोराड मादी एका कोवळ्या पोरीला वाट देते, कारण त्या पोरीची आई कोण हे टोळीत सगळ्यांना ठाऊक असतं.

याहून नवल पुढं आहे. बहिणी-बहिणींत मान सगळ्यात धाकटीचा. नवी मुलगी मोठी झाली की ती आईच्या लगेच खाली येऊन बसते आणि थोरल्या बहिणी एकेक पायरी खाली सरकतात. जपानी शास्त्रज्ञ शुन्झो कावामुरा यांनी 1950 च्या दशकात तिथल्या माकडांमध्ये ही रीत पहिल्यांदा टिपली. अंबोसेलीतही ती दिसते. भांडण झालं की आई धाकटीच्या बाजूनं उभी राहते, आणि आईचा पाठिंबा म्हणजे सगळ्या घराण्याचा पाठिंबा. शेंडेफळाचे लाड आपल्यालाही माहीत आहेत. इथं ते लाड टोळीचा कायदा होऊन बसलेत.

साडेचार वर्षांच्या आसपास मुलीच्या बुडाखालची कातडी पहिल्यांदा फुगते. सुरुवातीला थोडी, मग प्रत्येक पाळीगणिक जास्त. ती वयात आल्याची ही खूण साऱ्या टोळीला दिसते. तरीही लगेच ती गाभण राहत नाही. जवळजवळ एक वर्ष पाळ्या येतात-जातात, शरीर जणू पूर्वतयारी करत असतं. ती गाभण राहिली की बुडाजवळची काळी कातडी लालसर होऊ लागते, आणि ना तपासणी ना हात लावणं, निरीक्षक दुरूनच वहीत लिहितात: हिला दिवस गेले. साधारण सहा महिन्यांनी पिलू जन्मतं. तेव्हा तिचं वय सहाच्या आसपास असतं. ज्या टोळीत ती स्वतः काळं पिलू म्हणून आली, त्याच टोळीत, त्याच बाभळींखाली, आईच्या शेजारी बसून ती आपलं काळं पिलू छातीशी धरते. मरेपर्यंत ती इथंच राहणार आहे. माहेर हेच तिचं घर.

मुलाची वाट

मुलाच्या शरीराला वेगळीच घाई सुटते, आणि तीही उशिरा. मुलीची वाढ मंदावते त्याच सुमारास मुलाची जोर धरते. साडेपाच-सहाव्या वर्षी त्याचे अंडकोष मोठे होतात. खांदे रुंदावतात, मानेभोवतीचे केस दाट होतात, वरचे सुळे लांबत जाऊन कट्यारीसारखे होतात. मुलगी सहा-सातव्या वर्षी पुरी वाढलेली असते, तर मुलगा त्यापुढंही आणखी दोन-तीन वर्षं भरत राहतो आणि शेवटी चोवीस-पंचवीस किलोचा, म्हणजे मादीच्या दुप्पट होतो. हा दुपटीचा फरक लहानपणात घडत नाही. बहीण थांबते त्यानंतर भाऊ वाढत राहतो, त्यात तो घडतो.

ही वाढ कशासाठी, हे त्याच्या पुढच्या दोन वर्षांत कळतं. वयात आला म्हणजे तो बाप होऊ शकतो, पण टोळीतले मोठे नर त्याला अजून पोरच समजतात. आईचं स्थान इथं फार कामाला येत नाही. नरांची उतरंड सुळ्यांवर आणि स्नायूंवर चालते. आधी तो एकेका मादीला मागं टाकतो, मग म्हाताऱ्या नरांना अडवून पाहतो. सुळे दाखवणारी लांब जांभई, पाठलाग, माघार, पुन्हा पाठलाग. साडेसात वर्षांच्या सुमारास कधीतरी तो एका मोठ्या नराला पहिल्यांदा मागं हटवतो. त्या दिवशी वहीत त्याचं नाव प्रौढ नरांच्या यादीत जातं.

आणि साधारण याच काळात तो निघतो.

ज्या टोळीत त्याला सगळे ओळखतात, जिथं आई आहे, बहिणी आहेत, जिथल्या प्रत्येक पाणवठ्याची वाट पाठ आहे, ती टोळी सोडून तो मैदानात एकटा चालू लागतो. कधी दोन-चार दिवस जाऊन परततो, पुन्हा जातो. टोळीत असताना शंभर डोळे बिबट्यावर पाळत ठेवून असतात, आता फक्त त्याचेच दोन. रात्री झोपायला उंच झाड स्वतःच शोधायचं. अशा एकट्या नरांपैकी काही कुठल्याच टोळीत पोचत नाहीत.

का जायचं मग? कारण घरातल्या बहुतेक तरुण माद्या त्याच्या रक्ताच्या नात्यातल्या असतात, आणि जवळच्या नात्यातली संतती कमजोर निघते. दोघांपैकी एकाला जावंच लागतं. मादीला तिचे आप्त, तिचं स्थान आणि खाण्याच्या जागांची माहिती इथंच आहे, म्हणून नर जातो. आपल्या आजूबाजूच्या वानरांत आणि माकडांतही मुख्यतः मुलगेच घराबाहेर पडतात. वानरांत तर नवा हुप्प्या टोळीवर आला की कोवळ्या नरांना हुसकावलं जातं आणि ते नुसत्या नरांच्या टोळक्यात भटकत राहतात. सगळ्याच माकडांत मात्र असं नाही. ब्राझीलमधल्या मुरिकी माकडांना कॅरन स्ट्रायर 1982 पासून पाहत आल्या आहेत. तिथं मुलगे आईजवळ राहतात आणि मुली निघून जातात. आपल्या ओव्यांमध्ये सासरी निघालेल्या लेकीच्या पायांतली जी ओढ आहे, ती अंबोसेलीच्या मैदानात एका तरुण नराच्या पायांत असते. थोडं जाणं, मागं वळून पाहणं, परत येणं आणि शेवटी जाणं.

घड्याळ कोण लावतं?

साडेचार, साडेपाच, साडेसात हे आकडे मी दिले खरे, पण ते मधले आकडे आहेत. एकाच टोळीत, एकाच साली जन्मलेल्या दोन मुलींच्या वयात येण्यात कितीतरी महिन्यांचं अंतर पडतं. हे घड्याळ शरीरात असतं, पण त्याचे काटे बाहेरून फिरतात.

पहिला काटा अन्नाचा. अंबोसेलीतली एक टोळी पर्यटकांच्या विश्रामगृहाच्या कचराकुंडीवर जगायला शिकली. तिच्या माद्यांच्या शरीरात चरबी सुमारे तेवीस टक्के भरली, रानात कंद उकरून जगणाऱ्या माद्यांत मात्र जेमतेम दोन टक्के. कचऱ्यावर पोसलेली पोरं लवकर वयात आली. आपल्या वानरांची गोष्टही हीच. जोधपूरला लोक वानरांना श्रद्धेनं खाऊ घालतात, तिथली मादी साडेतीन वर्षांच्या आसपास आई होते. नेपाळमधल्या रामनगरच्या रानात कुणी काही घालत नाही, तिथली मादी पहिलं पिलू घेते साडेसहाच्या पुढं. दोन्हीकडे हनुमान वानरंच. मधली तीन वर्षं म्हणजे पोळी-केळी आणि रानपाला यांतला फरक. माझ्या वडावरच्या पोरांचं वय मला नुसत्या मापावरून का सांगता आलं नाही, ते मला इथं कळलं.

दुसरा काटा आईचा. वरच्या पायरीवरच्या आईला खाताना कुणी उठवत नाही, म्हणून तिचं दूध बरं, पिलू थोराड, आणि मुलगी लवकर वयात येते. मुलाचंही तसंच. उतरंड त्याला वारशात मिळत नसली तरी आईच्या मानाचा वाटा त्याच्या हाडांत भरलेला असतो.

तिसरा काटा कुणाच्या ध्यानीमनी नव्हता, तो बापाचा. बबूनांत मादी एकाहून जास्त नरांशी जुगते. इथं बाप कोण हे नराला कुठून कळणार, असंच सगळे धरून चालले होते. मग शास्त्रज्ञांनी शेणातून डीएनए काढून पितृत्व तपासलं. 2003 मध्ये उत्तर आलं: कोवळ्या पोरांच्या भांडणात नर मधे पडतो तेव्हा तो बहुधा आपल्याच पोराची बाजू घेतो. त्याला ते कळतं. पाच वर्षांनी पुढचा शोध लागला. ज्या मुलींचे बाप त्यांच्या लहानपणी टोळीत जास्त काळ राहिले, त्या लवकर वयात आल्या. मुलांच्या बाबतीत मात्र बाप त्यांच्या जन्माच्या वेळी वरच्या पायरीवर असेल तरच हा परिणाम दिसला. बाप खाऊ आणून देत नाही, पाठीवर घेऊन हिंडत नाही. तो फक्त आसपास असतो आणि त्याच्या असण्यामुळे इतरांची दांडगाई थांबते. तेवढ्यानं पोरीला निवांत खाता येत असावं, आणि निवांतपणा शरीरात साठत जातो.

लहानपणाची सावली

2016 मध्ये टंग, आर्ची, आल्टमन आणि अल्बर्ट्स यांनी जुन्या वह्यांना एक प्रश्न विचारला: लहानपणीच्या हालांचं पुढं काय होतं? त्यांनी सहा संकटं मोजली. दुष्काळी साल, फार गर्दीची टोळी, आईचं खालचं स्थान, आईचा एकटेपणा, आईचा मृत्यू, आणि पाठोपाठ आलेलं धाकटं भावंड. एखादं संकट बहुतेकींच्या वाट्याला येतंच आणि त्यातून त्या सावरतात. पण ज्यांच्या वाट्याला तीन किंवा जास्त आली, त्या मोठ्या होऊनही, एखादंच संकट आलेल्या किंवा एकही न आलेल्या माद्यांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी मेल्या. जिथं विशी ओलांडलेली मादी म्हातारी समजायची, तिथं दहा वर्षं म्हणजे अर्धं आयुष्य. आणि ही झळ एका पिढीत संपत नाही. लहानपणी पोरक्या झालेल्या मादीची पिलंही, ती जन्मण्याच्या कितीतरी आधीच्या त्या दुःखापायी, जास्त दगावतात.

हे वाचून मी बराच वेळ वही मिटून बसले होते. पण त्याच नोंदींत दुसरंही एक सत्य आहे आणि ते तितकंच पक्कं आहे. मोठेपणी जिची इतरांशी घट्ट मैत्री असते, जिच्या शेजारी रोज कुणीतरी केस वेचायला येऊन बसतं, ती जास्त जगते. लहानपण कसंही गेलेलं असो.

आता त्या निघालेल्या मुलाकडे परत जाऊ. कितीतरी दिवस चालल्यावर त्याला दुसरी टोळी दिसते. तो लगेच आत शिरत नाही. कडेला बसतो, पाठ थोडी वळवून, डोळ्याला डोळा न भिडवता. एखादी मादी जवळून गेली तर ओठ चटाचटा वाजवतो आणि हलकं हुंकारतो, म्हणजे मी काही करणार नाही. पहिले दिवस त्याला नर पळवून लावतात. तो लांब जाऊन पुन्हा कडेला येऊन बसतो. मग कधीतरी एक मादी त्याच्या शेजारी बसते आणि त्याच्या खांद्यावरचे केस वेचू लागते. महिने जातात. तो एकेका नराला मागं हटवत वर चढतो. वर्ष-दीड वर्षानं त्या टोळीत एक काळं, गुलाबी कानांचं पिलू जन्मतं.

मुलगी असेल तर ती आता आईच्या पाठीवरून ऐटीत फिरेल, आईच्या पायरीवर बसेल. आणि जवळच्या बाभळीखाली एक परका आलेला नर असेल, तिच्यावर दांडगाई करणाऱ्याकडे नुसता मान उचलून पाहणारा. आपली टोळी सोडून आलेल्या त्या मुलाच्या तिथं असण्यानं तिचं घड्याळ थोडं लवकर चालेल. तिला मुलगा झाला, तर तोही एक दिवस असाच निघेल.

या उन्हाळ्यात आमच्या वडावर पुन्हा एक काळं पिलू आलंय. त्याच्या आईच्या डाव्या कानाला खाच आहे. मी तारीख लिहून ठेवली आहे. ती मुलगी असली तर काही वर्षांनी याच फांदीवर आईच्या शेजारी दिसेल. मुलगा असला तर दिसणार नाही, आणि त्या वर्षी तो कुठं गेला हे मला ठाऊक असेल.